हातगुण

४ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. लॅबचे इन्चार्ज, म्हणजे आमचे साहेब, उन्हाळ्यात रिटायर होतायत आणि त्यांच्या खुर्चीत कोण बसणार हे अख्ख्या फॅक्टरीला माहीत आहे. म्हणजे मी. अधिकारी माणसाला रोजनिशीची सवय हवी. शिवाय इंग्रजी सुधारायचं, चहा दोनवर आणायचा आणि कुणावर चिडायचं नाही.

चिडायचं नाही हे उद्यापासून. आज शंकासुराशी वाजलं.

शंकासुर म्हणजे लॅबमधला माझा जोडीदार. हुशार आहे, नाही असं नाही. पण त्याला गुड मॉर्निंग म्हटलं तरी तो घड्याळाकडे बघून खात्री करून घेतो. दोघांचं काम एकच. फॅक्टरीत तयार झालेली गोळी पोटात गेल्यावर किती वेळात विरघळेल ते मशीनवर बघायचं. मशीनमध्ये काचेची भांडी, त्यात अंगाच्या उबेइतकं कोमट पाणी आणि प्रत्येक भांड्यात एक पॅडल संथपणे फिरत असतं. गोळी सोडायची, ठरलेला वेळ झाला की थोडं पाणी काढून त्यात औषध किती उतरलंय ते मोजायचं. पुरेसं उतरलं तर बॅच पास. नाही तर सगळा माल अडकतो. बघायला सोपं वाटतं. पण त्याला कसलेला हात लागतो.

वाद झाला जागेवरून. मशीन आहे दगडी ओट्यावर. ओट्याखाली गुडघे घालायला जागाच नाही, दिवसभर तिरकं बसून माझी कंबर कामातून गेली. मी म्हटलं, खिडकीजवळचं स्टीलचं टेबल रिकामं आहे, तिथे न्यावं. शंकासुर म्हणाला की दगड हलत नाही म्हणूनच ते दगडावर ठेवलंय. मी विचारलं, मशीन काय पळून जाणार आहे का. साहेब हसले. म्हणजे जिंकलो.

९ फेब्रुवारी

मशीन खिडकीत आलं. उजेड, वारा, सगळं फर्स्ट क्लास. गुडघे टेबलाखाली अगदी बेताने जातात. उजवा गुडघा तर टेबलाच्या पायाला असा टेकतो की जणू माप घेऊन केलंय. माझी ड्यूटी सकाळची, शंकासुराची दुपारची. तो उभं राहूनच काम करतो. म्हणतो, बसलं की लक्ष जातं. बिचारा.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी ताईकडे. एक चांगलं काम करून आलो.

ताई माझी मोठी बहीण. घरीच शर्ट आणि युनिफॉर्म शिवते. लहानपणी तिला फिट यायची. मी शाळेत असताना ती एकदा जिन्यात पडली होती, ते मला अजून आठवतं आणि आठवायला नको वाटतं. पण गोळ्या सुरू झाल्यापासून कित्येक वर्षांत काही नाही. गोळी मात्र ती दुसऱ्याच कंपनीची घेते. त्याच औषधाची आमचीही गोळी आहे, तेवढ्याच पॉवरची, आणि ती पास कोण करतं? मी. मग माझ्या सख्ख्या बहिणीने परक्याची गोळी का खावी?

आज आमचा बॉक्स घेऊनच गेलो. दाजी म्हणाले, नीट चाललंय ते कशाला बदला, निदान डॉक्टरांना तरी विचारू. मी म्हटलं, दाजी, डॉक्टर गोळी लिहितात, मी गोळी तपासतो. मग त्यांना समजावून सांगितलं. चहात खडीसाखर टाका आणि पिठीसाखर टाका, लवकर काय विरघळेल? पिठीसाखर. गार चहापेक्षा गरम चहात लवकर विरघळेल, चमच्याने ढवळलं तर आणखी लवकर. पोटातही तेच. गोळी फुटली, विरघळली, तरच औषध रक्तात जाणार. न विरघळलेली गोळी म्हणजे गिळलेला खडा. दाजी मान हलवत होते. त्यांना पटलं असावं.

ताई म्हणाली, एवढ्या हौसेने आणलंयस तर घेते बाबा हीच. आणि माझ्यासमोर बॉक्स फडताळात ठेवला. छान वाटलं.

२० फेब्रुवारी

आनंदाचा दिवस.

आमच्या गोळ्या स्ट्रिपमध्ये भुगा होतात अशी दुकानदारांची तक्रार होती. म्हणून गोळ्या दाबणाऱ्या लोकांनी दाब वाढवला. आता गोळी कशी टणक झालीय, टेबलावर टाकली तर वाजते. शंकासुराने नव्या मालातल्या दोन बॅचेस तपासल्या, दोन्ही फेल. टणक गोळीत पाणी शिरायला वेळ लागतो, वगैरे. साहेबांचा चेहरा उतरला. मग त्याच बॅचेस सकाळी माझ्याकडे आल्या. दोन्ही पास. घसघशीत पास.

साहेबांनी सगळ्यांसमोर पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तुमच्या हाताला गुण आहे. आजपासून या गोळीचं सगळं टेस्टिंग माझ्याकडे. शंकासुर विचारत होता की एकाच बॅचचे दोन निकाल कसे लागतील, आधी कारण तर शोधूया. मी म्हटलं, कारण समोर बसलंय. सगळे हसले. तो नाही हसला.

२४ फेब्रुवारी

बायकोची तक्रार. विषय जुनाच, माझा पाय. म्हणे मी बसलो की माझा उजवा पाय शिवणयंत्रासारखा हलतो. जेवताना पेल्यातलं पाणी थरथरतं, सोफ्यावर तिला वाचता येत नाही, नाटकाला गेलो तेव्हा शेजारच्या माणसाने मला बरं वाटत नाहीये का असं विचारलं होतं. मी सांगितलं की विचार करणाऱ्या माणसाचा पाय हलतोच. तिने विचारलं, मग जेवताना कसला विचार चालू असतो?

ठीक आहे. उद्यापासून पाय बंद. मनावर घेतलं की मी काहीही करू शकतो हे तिला दिसू दे.

२५ फेब्रुवारी

दिवसभर पाय हलवला नाही. एका पायाची दुसऱ्याला अढी घालून बसलो. दगडासारखा.

पण दिवस वाईट. बॅच फेल. माझ्या हातून पहिल्यांदाच. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. कारण सापडलं: पाणी. पाण्यात हवा राहिली की बारीक बुडबुडे गोळीला चिकटतात आणि पाणी आत शिरू देत नाहीत. नक्की तेच. उद्या पुन्हा करतो.

२६ फेब्रुवारी

पुन्हा केलं. पाणी कालचंच होतं, बदलायचं राहिलं. आज मात्र अढीबिढी काही नाही, मोकळा बसलो. पास.

यातून धडा हा की मनावर ताण असला की तो हातात उतरतो. माझ्यासारख्या माणसाला फालतू बंधनांत अडकवणं बरोबर नाही. बायकोला हे सविस्तर सांगितलं. तिने पाण्याचा पेला उचलून पलीकडे ठेवला.

५ मार्च

ताईचा फोन. एका गिऱ्हाइकाने शर्ट परत केला, कॉलर वाकडी शिवली म्हणून. ताईच्या हातून वाकडी शिवण! ती म्हणाली, मशीन चालू असतं, मध्येच कुणीतरी क्षणभर दिवा घालवल्यासारखं होतं, आणि दिवा येतो तोवर शिवण भलतीकडेच गेलेली असते. मी म्हटलं, डोळे तपासून घे. वय होतं म्हटल्यावर चष्म्याचा नंबर बदलणारच. ती म्हणाली, हो, तसंच असेल.

इंग्रजी: आज अर्धं पान वाचलं.

११ मार्च

दाजींचा फोन ऑफिसात. हे मला आवडत नाही. ताई सकाळी नळ सोडून तशीच उभी होती म्हणे, बादली भरून वाहायला लागली, हाक मारली तरी ओ नाही. थोड्या वेळाने भानावर आली आणि विचारायला लागली की पाणी कुणी सांडलं. दाजींचं म्हणणं, गोळी बदलल्यापासून हे सुरू झालंय.

क्षणभर मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला लिहू. पण मग शांतपणे विचार केला. पहिला बॉक्स संपत आला तेव्हा, फेब्रुवारीअखेर, मीच तिला नवा नेऊन दिला होता, त्याचा बॅच नंबर मी दाजींकडून वाचून घेतला. नव्या, टणक मालातला. मी स्वतः पास केलेला. मग गोळीत खोट असणं शक्यच नाही. खोट असेल तर घेण्याच्या पद्धतीत. दाजींना सांगितलं: गोळी गरम पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि घेतल्यावर ताईने घरात चालायचं. बसून राहिलं तर पोटातलं ढवळलं जात नाही. दाजी म्हणाले, डॉक्टरांकडे जाऊन येतो. मी म्हटलं, डॉक्टर काय करतील, डोस वाढवतील. आधी माझी पद्धत तर करून बघा.

ते म्हणाले, बघतो. पण त्यांचा आवाज नाराज वाटला. माझ्या शिक्षणाचा मान राखतात हे काय कमी आहे.

१८ मार्च

ताईकडे गेलो. ती गोळी घेऊन खोलीत फेऱ्या मारत होती, एक हात भिंतीला लावून. मला बघून हसली. म्हणाली, भावाने माझा भोवरा केलाय.

मग चहा ओतताना तिने सहज विचारलं की या गोळ्या अगदी त्याच आहेत ना रे, पहिल्यासारख्याच? मला फार लागलं ते. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांग. ती लगेच म्हणाली, रागावू नकोस, आपलं विचारलं. मग कपाटातून एक नवा शर्ट काढून दिला. मी इन्चार्ज होणार त्या दिवशी घालायला म्हणून तिने शिवलाय. निळा, माझ्या आवडीचा.

घरी येऊन घालून बघितला. खिसा तिरका आहे. बायकोच्या लक्षात आलं. मी म्हटलं, हल्ली तशी फॅशन आहे. शर्ट घडी करून ठेवून दिला. मन लागत नाहीये.

शंकासुराने आज साहेबांना सांगितलं की मशीन परत दगडावर ठेवून एकदा बघू. साहेब म्हणाले, चाललंय ते चालू दे. बरोबर बोलले.

२७ मार्च

ताईला फिट आली. मशीनवर बसलेली असताना. सुई बोटातून आरपार गेली. दाजी अंघोळीला गेले होते, मशीनचा आवाज थांबेना म्हणून ओल्या अंगाने धावत आले.

लॅब सोडून हॉस्पिटलमध्ये गेलो. ती शुद्धीवर होती पण ओळखल्यासारखं बघत नव्हती. बोटाला मोठं बँडेज. ओठ चावला गेलेला.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात औषध जवळजवळ नाहीच. त्यांनी ताईला विचारलं की गोळ्या वेळेवर घेता का. ती म्हणाली, एकही चुकवलेली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा कडक आवाजात, कारण गोळी पोटात गेली तर रक्तात दिसायला हवी ना. ती पुन्हा तेच म्हणाली.

मग मी बोललो. मी म्हटलं, डॉक्टर, ती पहिल्यापासून विसरभोळी आहे, चुकवल्या असणार, मी त्या गोळ्या स्वतः तपासतो. सगळ्यांसमोर बोललो. नर्स होती, दाजी होते.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

२८ मार्च

कुणीतरी बोलायलाच हवं होतं. गोळी चांगली आहे. रक्तात औषध नाही. मग मध्ये एकच गोष्ट उरते, ती म्हणजे गोळी घेतलीच नाही. हे काही मी मनाने ठरवलेलं नाही, साधं लॉजिक आहे. काल वॉर्डबाहेर दाजींना हेच सांगायला गेलो तर ते म्हणाले, तुम्ही आता घरी जा. थकले असतील.

बायकोला सगळं सांगितलं. तिने विचारलं, ताई कधी खोटं बोललेली तुम्हाला आठवते का? मला आठवली नाही. पण म्हणून लॉजिक बदलत नाही.

आज चहा पाच. परिस्थितीच तशी होती.

६ एप्रिल

ताई ठणठणीत. घरी येऊन आठवडा होऊन गेला, एकदाही दिवा गेल्यासारखं झालं नाही. पेपरातलं वाचून दाखवते, शिवायला मात्र अजून बसत नाही. फडताळात आमचाच बॉक्स आहे, मी स्वतः बघितला.

म्हणजे काय सिद्ध झालं? आधी चुकवत होती, आता धसक्याने नियमित घेतेय. गोळी तीच, बॅच तीच. मी बोललो ते लागलं असेल तिला, पण तिच्याच भल्याचं झालं. दाजींना हे म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत हो म्हणाले. त्यांच्या मनात आपली चूक कबूल करायचं असणार, पण माणूस मानी आहे.

मी रजेवर होतो तेवढ्यात शंकासुराने माझ्या बॅचेस तपासल्या. सगळ्या फेल. याला म्हणतात हातगुण.

१० एप्रिल

आज जे झालं ते एका दमात लिहितोय. रागाने.

सकाळी लॅबमध्ये गेलो तर साहेब आधीच हजर. शंकासुराने दोन डॉक्टरांच्या तक्रारी पुढे ठेवल्या, आमच्या गोळीचा उपयोग होत नाही अशा. मग म्हणाला, मला एक दाखवायचंय. एकाच बॅचच्या गोळ्या घेतल्या. टेबलावर मशीनशेजारी पाण्याने भरलेला पेला ठेवला. पहिल्या वेळी मला खुर्चीवरून उठवून दाराशी उभं केलं. पेल्यातलं पाणी गप्प. गोळ्या तळाशी पडून राहिल्या, कडा तेवढ्या झिजल्या. फेल.

मग मला म्हणाला, आता नेहमीसारखे बसा. मी बसलो. भांड्यांकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की साहेब भांड्यांकडे बघतच नाहीयेत. ते माझ्या गुडघ्याकडे बघतायत. मीही बघितलं. हलत होता. टेबलाच्या पायाला टेकून हलत होता, आणि पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. भांड्यांत गोळीचा चुरा तळाला बसायचा तो वर उडत होता, सगळीकडे पसरत होता. पास.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

शंकासुर म्हणाला, माल परत मागवावा लागेल, तोही सगळा, दाब वाढवल्यापासूनचा. साहेब खाली बसले. एवढा माल बाजारातून परत मागवायचा म्हणजे वर काय सांगायचं, या विचाराने त्यांना घाम फुटला होता. मग मी उठलो आणि बोललो. असं बोललो की माझं मलाच नवल वाटलं. मी म्हटलं, साहेब, माणसाचं पोट काही दगडी ओटा नाही. तेही हलतं. आणि मशीनचं सोडा, माझी सख्खी बहीण हीच गोळी घेतेय, याच बॅचची. मध्ये चुकवल्या तेव्हा फिट आली, आता नियमित घेते आणि ठणठणीत आहे. आणखी काय पुरावा हवा?

साहेबांच्या जिवात जीव आला. म्हणाले, अगदी बरोबर, घरच्या माणसाचा अनुभव हाच खरा रिपोर्ट. माल परत मागवायचं तूर्त बाजूला. पुढची बॅचही जाऊ दे. फक्त तुमच्या बहिणीकडच्या बॉक्समधली एक स्ट्रिप आणा, तिच्यावर टेस्ट करू आणि फाइल बंद करू. शंकासुर काहीतरी म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही. जाता जाता मला इन्चार्जसाहेब म्हणाले, थट्टेने, पण म्हणाले.

मी वाचलो.

१२ एप्रिल, सकाळी

आज रविवार. ताईकडे जाऊन स्ट्रिप आणतो. पाच मिनिटांचं काम. निळा शर्ट घालून जाणार, तिला बरं वाटेल.

१२ एप्रिल, संध्याकाळी

गेलो. ताई मशीनवर बसली होती. हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्यांदाच. बोट अजून ताठ आहे, पण शिवण सरळ रेषेत चालली होती. मला बघून म्हणाली, अय्या, शर्ट घातलास, आण इकडे, खिसा नीट करून देते. तिच्या लक्षात होतं तर.

मी म्हटलं, गोळ्यांची एक स्ट्रिप दे, ऑफिसात हवी आहे. तिने मशीन थांबवलं. म्हणाली, बस तर खरा, चहा ठेवते. मी म्हटलं, चहा नको, स्ट्रिप दे. ती म्हणाली, राहू दे ना ते आता, नंतर देते. दाजी पेपर वाचत होते, त्यांनी तो आणखी वर धरला. मला वाटलं, वेळ कशाला घालवा. मी उठून फडताळातला आमचा बॉक्स काढला आणि उघडला.

आत दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप. तिची जुनीच गोळी.

मी म्हटलं, हे चुकून आलं असेल. मग दाजींनी पेपर खाली ठेवला. हॉस्पिटलमध्ये मी निघून गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना गोळी बदलल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी जुनी गोळी सुरू केली. तुमचा बॉक्स मी फेकून देणार होतो, दाजी म्हणाले, हिने फेकू दिला नाही. तुम्ही डॉक्टरांसमोर हिला खोटी ठरवलीत, आणि ही घरी येऊन मला सांगते की त्याच्या बॉक्समध्ये आपल्या गोळ्या ठेवा, तो आला की बघतो, त्याला वाईट वाटेल.

ताई म्हणाली, अहो, पुरे. मग मला म्हणाली, तू एवढं कौतुकाने सांगायचास रे, ही गोळी माझ्या हातून जाते म्हणून. मला कुठे माहीत होतं तुला ऑफिसात दाखवायला लागेल.

तुझ्या गोळ्यांचं काय केलंस, असं मी विचारलं. तिने बटणांचा डबा उघडून उरलेल्या स्ट्रिप काढून दिल्या. टाकवल्या नाहीत म्हणे. आणि म्हणाली की शर्ट काढून दे, दोन मिनिटांत खिसा होईल.

मी शर्ट न देताच निघालो. तिला काय बोललो ते आठवत नाही.

१२ एप्रिल, नंतर

विचार केला. घाई करण्यात अर्थ नाही. साहेबांना हे एकदम सांगितलं तर त्यांना धक्का बसेल, वयस्कर माणूस आहे. आधी एक पद्धतशीर नोट तयार करावी, इंग्रजीत. इंग्रजी जरा सुधारू दे. एका माणसावर औषध चाललं किंवा नाही चाललं यावरून काही सिद्ध होत नाही, हा मुद्दाही आहेच. परवा मात्र मीच त्याच्या उलट बोललो. इन्चार्ज झाल्यावर माझ्याच सहीने माल परत मागवता येईल, ते जास्त शोभेल. म्हणजे दीड-दोन महिन्यांचा प्रश्न.

बायकोने विचारलं, तोवर त्या गोळ्या कोण खाणार?

१३ एप्रिल

लवकर गेलो. गेटवर टेम्पो उभा होता, आमची नवी बॅच चढत होती. खोक्यांवर पास असं माझ्या सहीचं लेबल.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. ताईच्या डब्यातल्या स्ट्रिप फोडून गोळ्या भांड्यांत सोडल्या आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. टेबलापासून लांब. पॅडल फिरत होती. वेळ झाला. गोळ्या तळाशी तशाच. ताईने या गिळल्या, गरम पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, आणि भिंतीला हात लावून फेऱ्या मारल्या, कारण मी सांगितलं होतं.

शंकासुर येऊन शेजारी उभा राहिला. भांड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याने काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं, निदान, मी सांगितलं होतं ना, एवढं तरी. तो म्हणाला, टेम्पो अजून गेला नाहीये.

मी साहेबांच्या केबिनकडे निघालो. कॉरिडॉरमध्ये दोनदा थांबलो. सुरुवात कशी करायची ते ठरवत होतो. बोलण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, पण वाक्यच सुचेना. खाली टेम्पोचं मागचं फाळकं लावल्याचा आवाज आला, तेव्हा न ठरवताच आत गेलो.

साहेब खुशीत होते. हाताने बसा म्हणाले. मी बसलो नाही. त्यांनी विचारलं, काय, स्ट्रिप आणली का, आणि बहीण कशी आहे?

मी म्हटलं, बरी आहे. दुसऱ्या कंपनीच्या गोळीवर.